सहा पाऊण

बाळ जोगळेकर या माणसाचं काहीतरी चुकलं असतं, तर नागोजीराव जगतापांना बरं वाटलं असतं. पण माणूस चुकतच नव्हता. वेळेवर येई, हळू बोले, शिपायालाही 'अहो' म्हणे, डबा खाऊन झाला की स्वतः धुऊन ठेवी. अशा माणसाला नावं ठेवायला जागा आणायची कुठून? नागोजीराव दिवसभर ती जागा शोधत आणि न सापडल्याचा राग घेऊन संध्याकाळी बसवनगुडीला घरी जात.

गोष्ट शहाण्णव सालची. त्या श्रावणात बंगळूरची तुंगा एअर आणि मुंबईची पश्चिमा एअरवेज या दोन विमान कंपन्या एक झाल्या. नाव ठेवलं संगम. पेढे वाटले, हार घातले, दोन्हीकडच्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या आणि दुसऱ्या दिवसापासून जो तो शेजारच्या खुर्चीकडे तिरक्या नजरेनं बघायला लागला. कारण आता प्रत्येक कामाला माणसं दोन झाली होती. कुठलं विमान कुठून कुठे आणि किती वाजता सोडायचं हे ठरवणाऱ्या विभागात तुंगेचे नागोजीराव होते. त्यांच्या समोरच्या टेबलावर पश्चिमेचे पुणेकर जोगळेकर येऊन बसले. पाठोपाठ मुंबईच्या मुख्य कचेरीचं पत्र आलं. बंगळूरला या विभागाचा प्रमुख एकच राहील. तो कोण, हे संक्रांतीनंतर ठरेल. दुसऱ्यानं मुंबईला रुजू व्हावं.

नागोजीरावांचं वय एकावन्न. साडेतीनशे वर्षांपूर्वी घराणं घोड्यावरून या मुलखात उतरलं आणि इथलंच झालं. मुंबईला ते आयुष्यात चारदा गेले होते, आणि चारही वेळा परतीचं तिकीट आधी खिशात घालून. सरकारी विमान कंपनीत त्यांनी चौदा वर्षं वेळापत्रकं आखली होती. तुंगा निघाली तेव्हा पहिल्या विमानापुढचा नारळ त्यांनीच फोडला होता. आणि आता हा पस्तिशीचा चष्मेवाला पुण्याहून येणार, आणि आपल्याला म्हातारपणी मुंबईला धाडणार?

"अय्यो, त्या जोगळेकरांनी काय वाकडं केलं तुमचं?" त्यांची बायको भाग्यलक्ष्मी विचारी. "परवा घरी आले तर मला म्हणाले, वहिनी, स्वल्प चहा. स्वल्प! दोन महिन्यांत कन्नड शिकले की."

"हां. आता तेही येतं त्याला."

"एन्री, काय हो, आपली भाषा शिकला म्हणूनही राग? नसता शिकला तर म्हणाला असता, बघा, माज आहे."

नागोजीरावांनी वर्तमानपत्र उघडलं. बायकोनं मनातलं इतकं अचूक सांगितल्यावर माणूस दुसरं काय करणार?

कचेरीतलं दुःख कचेरीत राहिलं असतं तरी सोसलं असतं. पण जोगळेकर देवळातही आले.

गांधी बाजाराच्या मागच्या गल्लीत मराठी मंडळींचं विठोबाचं लहानसं देऊळ होतं. तिथं दर शनिवारी संध्याकाळी बिंदुमाधवबुवांचं कीर्तन होई. बुवा सत्तरी ओलांडलेले. आवाज वर चढला की अलीकडे फाटायचा. पण पूर्वरंगातलं त्यांचं निरूपण असं, की भाजी घ्यायला निघालेली बाई पिशवी तशीच मांडीवर ठेवून तासभर बसून राही. आणि उत्तररंगात आख्यान लागलं की तिला भाजीची आठवणही उरत नसे. या बुवांच्या मागे नागोजीराव बावीस वर्षं झांज घेऊन उभे होते. बुवांनी पदाची ओळ टाकायची आणि ती त्यांनी झेलायची. आठवडाभर कितीही धूळ खाल्लेली असो, ती ओळ गळ्यात आली की नागोजीराव आतून धुऊन निघत. देवाची त्यांच्यावर एवढी एकच कृपा होती आणि ती त्यांना पुरत होती.

जोगळेकरांची बायको स्मिता अजून पुण्यालाच होती. एकटा माणूस, खोलीत करमेना, म्हणून एका शनिवारी ते देवळात येऊन मागे खांबापाशी बसले. बुवांचा आवाज नेहमीच्या जागी अडखळला. नागोजीरावांनी ओळ घ्यायला श्वास भरला, तेवढ्यात खांबापाशी कुणीतरी ती अलगद उचलली. उचलली ती इतकी सुरेल, की पेटीवाल्यांची बोटं क्षणभर थबकली.

बुवा वळले. "कोण हो ते? मागे काय बसलात? इकडे या, पुढे या."

पुढच्या शनिवारपासून जोगळेकर नागोजीरावांच्या शेजारी उभे राहायला लागले. घरी जाताना लोक म्हणत, "काय गळा आहे हो त्या नव्या माणसाचा!" आणि मग नागोजीरावांकडे वळून, "तुमच्याच कचेरीत ना?" जणू काही माणूस यांनीच शोधून आणला होता.

ऑक्टोबरात खरी झुंज सुरू झाली. दिल्लीची राजहंस एअरलाइन्स दक्षिणेत उतरली. तिची विमानं नवी कोरी, जाहिराती पानपानभर. राजहंसलाही बंगळूर हाच आपला तळ करायचा होता आणि संगमलाही. तळ म्हणजे संध्याकाळी विमानांनी इथं मुक्कामाला यायचं आणि सकाळी इथूनच चहूकडे सुटायचं. ज्याचा तळ मजबूत, त्याची दक्षिण. आणि तळाचा जीव सकाळच्या मुंबईच्या विमानात. मुंबईला जाऊन, दिवसभराची कामं उरकून संध्याकाळी घरी परतणारं गिऱ्हाईक ज्याच्याकडे गेलं, त्याच्याकडे बाकीचे आपण होऊन जात. त्याला सोयीची वेळ पावणेसातची. घरून साडेपाचला निघायचं, मुंबईत साडेआठला उतरायचं. पण विमानतळावर त्या वेळेला उड्डाणाची जागा एकच शिल्लक होती. दोन्ही कंपन्यांनी मागितली तर इथली जुनी म्हणून संगमला मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. संगमची मुंबईची मंडळी तर उघड म्हणत होती, ती वेळ हातची गेली तर तळ हैदराबादला हलवू.

अर्जाचा शेवटचा दिवस. अर्ज जोगळेकर टंकत होते. खिडकीबाहेर एक विमान धावपट्टीवर घरघरत होतं.

"नागोजीराव, मुंबईची वेळ काय टाकायची?"

"सहा पाऊण," नागोजीराव फायलीतून डोकं वर न काढता म्हणाले. "दुसरी कुठली?"

आता जगतापांच्या घरातलं घड्याळ तीनशे वर्षं कन्नड चालीनं चालत आलेलं. कन्नडात आधी तास सांगतात आणि मग त्याच्या वरचा भाग. आरू मुक्कालू. सहा, आणि वर पाऊण. त्याचं बंगळुरी मराठीत झालं सहा पाऊण, म्हणजेच पावणेसात. तुंगेच्या जुन्या माणसांत ही वेळ कुणाला समजावून सांगायची वेळ कधी आली नव्हती. पण पुण्याच्या कानावर सहा आणि पाऊण एकत्र पडले, की त्याला ऐकू येतं ते पावणेसहाच. जोगळेकरांची बोटं किंचित थांबली. इतक्या पहाटे? पण समोरचा माणूस या गावात मुरलेला, काहीतरी विचार असेल. त्यांनी ०५४५ टंकलं, सही केली आणि शिपायाबरोबर अर्ज विमानतळाच्या कार्यालयात धाडून दिला.

दुपारी त्याची प्रत नागोजीरावांच्या टेबलावर आली.

त्यांनी आकडा पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला. कार्यालय पाचपर्यंत उघडं होतं. रिक्षा केली तर दहा मिनिटांचा रस्ता. एक कागद बदलायचा, संपलं. ते खुर्चीतून अर्धे उठलेही.

समोर जोगळेकर डब्याचं झाकण पुसत होते आणि शनिवारचं पद गुणगुणत होते. तीच ओळ. नागोजीरावांची.

नागोजीराव परत बसले. मनात म्हणाले, मी बरोबरच सांगितलं होतं. ऐकणाऱ्याचे कान मी कुठून दुरुस्त करू? मग म्हणाले, मुंबईत कुणीतरी बघेलच. मग म्हणाले, आधी जेवून घेतो. प्रत त्यांनी फायलीत लावली, फाईल कपाटात ठेवली आणि दहीभात इतका सावकाश खाल्ला, की आयुष्यात कधी खाल्ला नसेल. हात धुतला तेव्हा साडेतीन झाले होते. चार वाजले. साडेचार वाजले. पाचला कार्यालय बंद झालं असेल, तेव्हा त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच त्यांना थोडी भीती वाटली.

आठ दिवसांनी विमानतळाचं पत्र आलं. संगमला मागितल्याप्रमाणे पावणेसहा. पावणेसात मागणारी एकटी राजहंसच होती, तिला ती मिळाली.

मुंबईहून सूर्यकांत मेहेंदळे यांचा फोन आला. मेहेंदळे हे सगळ्या मार्गांचे वरचे साहेब, आवाज असा की रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला तरी समोरच्या टेबलावर ऐकू यावा.

"पावणेसहा? जोगळेकर, पावणेसहाला देव तरी उठतो का? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

नागोजीरावांनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. आता नाव निघणार. नाव निघालं की आपण म्हणायचं, साहेब, मी पावणेसात सांगितलं होतं. वाक्य त्यांनी तयारच ठेवलं होतं.

"अर्ज मी केलाय, साहेब," जोगळेकर म्हणाले. "जबाबदारी माझी."

रोज फोन, रोज तेच. जोगळेकरांच्या डोळ्यांखाली काळं आलं. एकदाही त्यांनी 'नागोजीरावांनी सांगितलं' म्हटलं नाही. आणि कॅन्टीनमध्ये त्या विमानाला नाव पडलं, काकडआरतीचं विमान. सगळे पोट धरून हसले. हे नाव पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं ते कुणाला आठवत नव्हतं. नागोजीरावांना आठवत होतं.

त्या शनिवारी कीर्तन झाल्यावर बुवांनी त्यांना जवळ बोलावलं. "नागोजी, बरं नाही का?"

"बरा आहे, बुवा."

"नाही, झांज पुढं पळत होती तुझी. बावीस वर्षांत पळाली नव्हती. कुणाच्या पुढं जायचंय रे?"

नागोजीराव काहीतरी बोलून हसले आणि चपला पायात घालून घाईनं बाहेर पडले.

नोव्हेंबर संपला आणि बंगळुरावर धुकं उतरायला लागलं.

धुक्याचा सगळा हिशेब नागोजीरावांच्या बोटांवर होता. चौदा हिवाळे त्यांनी विमानतळावर काढले होते. पहाटे पाच-साडेपाचला हवा स्वच्छ असते. सहा वाजले की तळ्यांच्या बाजूनं पांढरं सरकायला लागतं, साडेसहाला धावपट्टी दिसेनाशी होते आणि ऊन चढेपर्यंत, चांगले नऊ वाजेपर्यंत, पंखही हलत नाही. एवढं माहीत असलेल्या माणसाला त्या ऑक्टोबरच्या दुपारी धुक्याची आठवणसुद्धा झाली नव्हती. मन दुसऱ्याच धुरानं भरलेलं होतं.

संगमचं काकडआरतीचं विमान रोज पावणेसहाला सुटे आणि धुक्याच्या आधी आभाळात असे. राजहंसचं पावणेसातचं विमान जमिनीवर. कधी नऊ, कधी दहा, कधी रद्द. टाय बांधलेली माणसं राजहंसच्या खिडकीपुढे ओरडत आणि दुसऱ्या दिवशी, डोळे चोळत का होईना, संगमच्या रांगेत उभी राहत. वर आणखी एक गंमत झाली. विमान लवकर गेल्यामुळे लवकर परतत होतं, आणि दिवसात कोचीनची एक जादा फेरी त्यात आपोआप बसली. डिसेंबर सरता सरता राजहंसनं बंगळूरचा नाद सोडून मद्रासला तळ हलवायची बोलणी सुरू केली. हैदराबादचं नाव मग संगममध्ये कुणी काढेना.

कचेरीत जोगळेकरांच्या पाठीवर थापा पडायला लागल्या. "काय दूरदृष्टी!" कॅन्टीनवाल्यानं त्यांच्याकडून कॉफीचे पैसे घ्यायला नाही म्हटलं. मुंबईहून मेहेंदळ्यांचा फोन आला तो साखरेत घोळलेला. आणि नागोजीराव? आपणच पुरलेलं बी दुसऱ्याच्या अंगणात आंबा होऊन मोहरलं, असं त्यांचं झालं. ओरडावं तर काय ओरडावं? चूक आहे ती चूक, असं? मग कुणी विचारलं, तुला कसं ठाऊक, तर?

"तुम्ही झोपेत दात खाता हल्ली," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"दाढ दुखते."

"सरी, बरं. मग दातवाल्याकडं जा. त्या जोगळेकरांचं नाव घेऊन कशाला दाढ दुखते?"

संक्रांत झाली आणि मेहेंदळे स्वतः आले. जाडजूड गृहस्थ, बंगळूरची थंडी लागू नये म्हणून कानाला मफलर. दोघांना समोर बसवलं. तिळगूळ दिला. म्हणाले, "बंगळूरचा तळ वाचला तो एका अर्जानं. आज मी प्रमुख ठरवायला आलोय, आणि ठरवायला फारसं उरलेलं नाही. जोगळेकर, ही पावणेसहाची कल्पना सुचली कशी, तेवढं सांगा. मुंबईत सगळ्यांना सांगायचंय."

नागोजीरावांनी खिडकीबाहेर बघितलं.

"साहेब, मला नाही सुचली," जोगळेकर म्हणाले. "वेळ नागोजीरावांनी सांगितली. मी फक्त टंकली. खरं सांगू? मलाही तेव्हा वेडेपणा वाटला होता."

"आणि मी महिनाभर शिव्या घातल्या तेव्हा का नाही बोललात?"

"शिव्या खायला दोघं कशाला? अर्जावर सही माझी होती." जोगळेकर हसले. "पण कौतुक ज्याचं त्याला. हे धुकं माझ्यासारख्या पुणेकराला कसं कळणार?"

मेहेंदळे नागोजीरावांकडे वळले. त्यांच्या मोठ्या चेहऱ्यावर खरा आदर होता. "जगताप, असं आहे होय? आणि तुम्ही इतके दिवस तोंडातून शब्द काढला नाहीत!"

नागोजीरावांनी तोंड उघडलं. त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. ते घशापर्यंत आलं, आणि त्याच्या मागून बसवनगुडीचं घर, देऊळ, बावीस वर्षं, सगळं एकदम आलं.

"आपलं कामच ते, साहेब," ते म्हणाले.

झालं. नागोजीराव प्रमुख. जोगळेकरांनी महिन्याअखेर मुंबईला रुजू व्हायचं. घरी भाग्यलक्ष्मीनं पुरण घातलं. नागोजीरावांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि दोन्ही कशाबरोबर खाल्ल्या ते त्यांना आठवलं नाही. आता तरी मन शांत व्हायला हवं होतं. हवं ते सगळं मिळालं होतं. जोगळेकरांचं सगळं गेलं होतं: स्मितानं इथल्या जयनगरच्या एका शाळेत नोकरीचा अर्ज केला होता, भाड्याचं घर बघून ठेवलं होतं, ते आता सोडायचं. आणि तो माणूस दुसऱ्या दिवशीही गुणगुणतच डबा धुवत होता.

शनिवारी बुवांचं निरूपण मत्सरावर निघालं. मुद्दाम नव्हे, कीर्तनात असं निघतंच. बुवा म्हणाले, "रागात निदान चार शब्द बोलून माणूस मोकळा होतो. लोभात चार घास जास्त तरी मिळतात. मत्सराचं काय? त्याला चव नाही, त्याला झोप नाही. दुसऱ्याच्या ताटातल्या मिठाकडे बघत आपली भाकरी वाळवायची, एवढंच." लोक हसले. नागोजीरावही हसले. झांज त्यांनी घट्ट धरून ठेवली होती, पळू नये म्हणून.

मग पद लागलं. वरच्या जागी बुवांचा आवाज फाटला. बुवांनी सवयीनं मागे हात केला. जोगळेकरांच्या गळ्यात ओळ आलेलीच होती. नागोजीरावांना ती शेजारून, श्वासावरून कळली. पण जोगळेकर थांबले. त्यांनी मान किंचित झुकवली. तुम्ही घ्या. तुमचीच आहे.

नागोजीरावांनी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

देवळात दोन मात्रा नुसता तबला वाजला. मग जोगळेकरांनी ओळ घेतली, हलक्या आवाजात, कुणाला कळू नये अशी, आणि पद पुढं गेलं. पण त्या दोन मात्रांत नागोजीरावांना आयुष्यातला सगळ्यात मोठा हेवा वाटून गेला. गळ्याचा नव्हे, खुर्चीचा नव्हे. या माणसाच्या आत गाठच नाही. तो देतो आणि विसरतो. मला ते येत नाही. आणि ते ह्याच्याकडून हिसकावून घ्यायची काही युक्ती नाही.

सोमवारी कचेरीत जोगळेकर खोक्यात फायली भरत होते. नागोजीरावांनी दार लावलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. सहा पाऊण म्हणजे पावणेसात. प्रत दुपारी पाहिली. पाच वाजेपर्यंत वेळ होता. दहीभात खाल्ला. काहीही गाळलं नाही. काकडआरतीचं नावसुद्धा.

जोगळेकरांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. नागोजीरावांना वाटलं होतं, हा हसेल, 'जाऊ द्या हो' म्हणेल. तो तसाच माणूस होता ना?

"तुम्ही पाहिलं होतंत?" जोगळेकरांचा आवाज एकदम कोरडा झाला. "नागोजीराव, त्या महिन्यात मी रोज तुमच्या घरी चहा प्यायलो. मी वहिनींना सांगायचो, मला झोप लागत नाही. तुम्ही समोर बसलेले असायचात. बिस्किटं पुढं करायचात!"

"हो."

"मी स्मिताला लिहिलंय, इथं मला एक मोठा भाऊ मिळाला म्हणून." त्यांनी सुतळी खोक्यावर आपटली. "हे मला कशाला सांगताय आता? मी काय करू त्याचं? तुमचा जीव हलका व्हावा म्हणून? साहेबांना सांगा की!"

नागोजीरावांनी ते ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं. जोगळेकरांना सांगितलं की झालं, इतपतच त्यांची धाव होती. ते फोनकडे बघत राहिले. मग बसले, मुंबईचा नंबर फिरवला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा लागला.

मेहेंदळ्यांनी सगळं ऐकून घेतलं. तो दणदणीत आवाज एकदम खाली आला, तेव्हा नागोजीरावांनी रिसीव्हर कानाला घट्ट लावला.

"जगताप, चूक झाली हे मी समजू शकतो. नशिबानं ती बरोबर पडली. पण कंपनीचा तळ जाताना तुम्ही जेवत बसलात?"

"हो, साहेब."

"त्या खुर्चीवर मी तुम्हाला ठेवू शकत नाही."

"ठेवू नका. मुंबईला येतो. सांगाल त्या दिवशी."

"इथं आणून काय करू तुमचं?" मेहेंदळे चिडून म्हणाले. "जोगळेकरांना द्या."

जोगळेकरांनी फोन घेतला. बराच वेळ नुसतं 'हो', 'हो' चाललं होतं. मग म्हणाले, "हाताखाली? साहेब, आत्ता विचारलंत म्हणून आत्ताच सांगतो, उद्या विचारलंत तर नाही म्हणेन. राहू द्या त्यांना. इथलं त्यांना जेवढं कळतं तेवढं मला दहा वर्षांत कळणार नाही." त्यांनी रिसीव्हर ठेवला. नागोजीरावांकडे पाहिलं नाही. "तुमच्या घरी मी इतक्यात येणार नाही. वहिनींना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

"बरं."

"आणि ते खोकं सोडा, जरा मदत करा. फायली परत लावायच्यात."

दोघं संध्याकाळपर्यंत फायली लावत होते.

घरी भाग्यलक्ष्मी स्वयंपाकघरात शेवग्याच्या शेंगा चिरत होती. नागोजीराव तिच्यासमोर पाट ओढून बसले आणि तिलाही सगळं सांगितलं. ती चिरायची थांबली नाही. दहीभातापाशी मात्र तिनं विळी आडवी केली आणि नवऱ्याकडे नीट बघितलं.

"प्रमुख तेच झाले म्हणा."

"तेच."

"बदली?"

"नाही. इथंच. त्यांच्या हाताखाली."

"आणि शनिवारी देवळात?"

"जाणार. ते शेजारी उभे राहिले तर राहिले."

शेंगांचे तुकडे तिनं पातेल्यात टाकले.

"आता पोटात कसं वाटतंय?"

नागोजीरावांनी खरं उत्तर शोधलं. आजच्या दिवशी खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "जळतंय अजून," ते म्हणाले. "त्यानं ठेवून घेतलं ना मला, त्याचंसुद्धा जळतंय. स्वल्प."

"स्वल्पच ना?" भाग्यलक्ष्मी उठली आणि तिनं ताट घेतलं. "सरी मग. हात धुवा."